ऑफ तास

रात्रपाळी करून सकाळी घरी आलो. अंगावर कापसाचा तूस तसाच. धाकटी बहीण वही घेऊन दारातच उभी.

"दादा, घनमूळ म्हंजे काय रे?"

"सरांना विचार."

"सर म्हणतात, पुस्तकात बघ."

मी गप्प. मलाच येत नव्हतं. मीही त्याच शाळेचा. २०११ साली सहावीत गेलो, तेव्हा गणिताच्या तासाला वर्गात कुणी यायचंच नाही. आम्ही त्याला ऑफ तास म्हणायचो, खूष व्हायचो. कधी मराठीचे सर यायचे. गाईडातलं गणित फळ्यावर उतरवायचे. आम्ही वहीत उतरवायचो. त्यांना कळत नव्हतं, आम्हालाही नाही. उत्तर मात्र बरोबर.

पुढं हायस्कुलात पायाच नव्हता. २०१६ साली दहावीला गणितात नापास झालो. गावातले म्हणाले, यांच्या डोक्यात कुठलं गणित? सगळ्यात वाईट हे की मीही ते खरं मानलं आणि सूतगिरणीत शिरलो.

तिथं रिंग फ्रेमवर धागा सांधताना तात्यांनी काउंट शिकवला. ८४० यार्डांची एक लड. एका पौंडात अशा जितक्या लडी, तितका काउंट. चाळीसचा काउंट म्हंजे पौंडात ३३,६०० यार्ड सूत. तात्या चौथी शिकलेले. एका पाळीत माझ्या डोक्यात बसलं. त्या दिवशी पहिल्यांदा खरा राग आला. डोकं होतं. मास्तर नव्हता.

परवा सुट्टीच्या दिवशी शाळेत गेलो. हेडगुरुजी माणूस वाईट नाही. विचारलं, गणिताला कोण आहे? त्यांनी तक्ता पुढं केला. सहावी ते आठवी : मंजूर पदं तीन, भरलेली तीन, रिक्त शून्य. तिघंही हजर. एक मराठीचे, एक हिंदीचे, एक इतिहासाचे. म्हंजे माझी तीन वर्षं सरकारदरबारी घडलीच नाहीत.

गुरुजी म्हणाले, "बाबा, पट बघून डोकी पाठवतात. विषय कोण बघतो? माझं नाव कुठं लिहू नको."

लिहीत नाही. पण कायदा लिहितो. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला एक, समाजशास्त्राला एक, भाषेला एक शिक्षक असलाच पाहिजे, असं लिहिलंय. म्हंजे मी सहावीत बसलो त्याच्या आधीच माझा मास्तर कागदावर आला होता. फक्त वर्गात आला नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. मास्तर होता, पण अस्पृश्याला शिकवीना. म्हणून फारसी घ्यावी लागली. आता नाही म्हणायलासुद्धा कुणी येत नाही. खुर्चीच मोकळी. आणि तक्त्यात ती मोकळी दिसत नाही. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं मागितलं होतं की, प्राथमिक शाळेतले मास्तर शिकवून तयार केलेले असावेत, कष्टकऱ्यांतले असावेत. ती मागणी जुनी झाली, पुरी झाली नाही.

राखीव जागेवर योग्य उमेदवार मिळाला नाही, हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं? मिळणार कुठून? गणिताचा मास्तर होऊ शकला असता तो पोरगा आठवीतच पटांगणात खेळत होता. त्याचा तास ऑफ होता.

म्हणून मित्रांनो, आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. मास्तर किती, हे विचारू नका. कुठल्या विषयाला कोण, हे विचारा. वेळापत्रक मागा.

बहिणीनं वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्यात. तारीख, तास, विषय, कोण आलं. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीनजण पालक लागतात. आमची आई त्यात आहे. आजवर ती सांगतील तिथं सही करून यायची. या बैठकीला ती वही घेऊन जाणार आहे.

आणि सत्तावीसचं घनमूळ तीन. काल आम्ही दोघांनी मिळून शोधलं.