शेवाळ आणि हरिता

नांव चुकलें कीं न्यायहि चुकतो, असें मी शाळेंत व्याकरण शिकवितांना सांगत असें. सेवानिवृत्तीनंतर त्याचें उदाहरण आमच्याच परसांत सांपडलें.

गेल्या पावसाळ्यांत आमचे वडील बंधु अण्णा विहिरीजवळच्या फरशीवर घसरले. दुखापत बेताचीच झाली. तथापि फरशीवरचें आणि कठड्यावरचें सगळें शेवाळ खरवडून काढावें, असें घरांत ठरलें. डबक्यांतील तंतूंना आपण शेवाळ म्हणतों, निसरड्या थरास शेवाळ म्हणतों आणि भिंतीवरील हिरव्या मखमलीसहि शेवाळच म्हणतों. अमरकोशांत शैवलास ‘जलनीली’ असा पर्याय आहे. म्हणजे तो शब्द मुळांत पाण्यांतील वनस्पतीचा. भिंतीवरील मखमल निराळी. इंग्रजींत तिला मॉस म्हणतात. मी हरिता म्हणतों.

नातवाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं दोहोंचे नमुने 100 पट मोठे करून पाहिले. फरशीवरील थरांत देठ नाहीं, पान नाहीं. चिकट द्रवांत गुरफटलेल्या पेशींच्या माळा तेवढ्या होत्या. पाय घसरविणारा तो हाच. हरितेचें पान मधली शीर वगळतां एकाच पेशीच्या जाडीचें. त्यामुळें प्रकाश आरपार जाऊन एकेक पेशी जाळीच्या घरासारखी उमटते.

जात ओळखण्यास पानाचें टोंक, कडा व शीर पाहावी लागते. परंतु मोठी साक्ष बोंडीची. आमच्या कठड्यावरील बोंडी नासपतीच्या आकाराची, किंचित् वाकलेली. झांकण गळल्यावर तोंडाशीं दांतांच्या दोन रांगा दिसल्या, प्रत्येकींत 16. ही फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका. लाइप्झिग येथील वैद्य हेडविग यांच्या निधनानंतर 1801 सालीं निघालेल्या ग्रंथापासून हरितांचीं शास्त्रीय नांवें प्रमाण धरतात. हें नांव त्यांतीलच. त्याचा अर्थ ‘आर्द्रता मापणारी’. हवेच्या ओलाव्याप्रमाणें बोंडीच्या देठाचा पीळ बदलतो, म्हणून हें नांव.

छायाचित्राची अडचण अशी कीं, भिंगांतून एका वेळीं एकच पातळी स्पष्ट दिसते. म्हणून चाकी केसभर फिरवीत वीस चित्रें मोबाईलनें घेतलीं. तीं सूनबाईनें संगणकावर एकत्र केलीं, तेव्हां दांत मुळापासून टोंकापर्यंत स्वच्छ उमटले. त्याच भिंगाखालीं मोजपट्टीचेंहि एक चित्र घेतलें, म्हणजे माप बिनचूक निघतें.

हीं चित्रें अण्णांनीं चष्मा लावून दोनदां पाहिलीं आणि निकाल दिला, “फरशी घांसा, कठड्याला हात लावूं नका.”

वाचकांनीं परसांत खरवडणी काढण्यापूर्वीं दहापट मोठें दाखविणारें साधें भिंग घेऊन एकवार पाहावें. बुळबुळीत थर अवश्य काढावा. पण ज्यास देठ आहे, पान आहे, त्यास दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा देऊं नये.