अंगचा उजेड

दिवाळीला घरी आलेल्या भाच्याला मामाने ‘काय रे, अभ्यास कसा चाललाय?’ असे विचारावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्यात धोका एवढाच की, एखादा भाचा खरोखरच सांगू लागतो!

माझी बहीण वाशीम जिल्ह्यात, कारंज्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. भाऊजींची शेती कापूस-सोयाबीनची. मुलाच्या शिक्षणापायी त्यातले दोन एकर गेले. मुलगा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करतो एवढे गावाला ठाऊक. कसले, ते कुणालाच नाही. गेल्या दिवाळीत मी माझा रिवाजाचा प्रश्न विचारला आणि भाऊजींनी ओसरीवर सर्वांदेखत त्याला आपला जोडला, “मले बी सांग, याचा उपेग काय?”

“प्लॅस्टिकचा कागद ओढतो,” भाचा म्हणाला.

ओसरी गप्प झाली. बहिणीने घाईघाईने चकल्यांचे ताट पुढे सारले. दोन एकर काळी जमीन प्लॅस्टिक ओढण्यात गेली, हे भाऊजींच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते.

मग भाचा सांगू लागला. ज्याचे टेरिलीन होते आणि ज्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात, ते पॉलिएस्टर इंग्लंडात १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधले. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, गुंता झालेल्या सुतासारख्या. पातळ कागद ८० ते १०० अंशांपर्यंत तापवून ओढला की, साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतात आणि त्या दिशेने कागद बळकट होतो. पण किती सरळ झाल्या, हे डोळ्यांना कसे दिसावे?

त्याने खिशातून जांभळा उजेड टाकणारी लहानशी विजेरी काढली आणि वाटीतल्या हळदीच्या तेलावर धरली. तेल हिरवट-पिवळे उजळले. पोरे ओरडली. काही पदार्थ अदृश्य किरण गिळतात आणि लगेच आपला उजेड परत देतात. स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८५२ साली याला नाव दिले. आपण प्रतिदीप्ती म्हणतो. पॉलिएस्टरच्या साखळीतही कार्बनची अशी कडी असते. तिचा उजेड बहुतेक डोळ्यांपलीकडचा. तो यंत्राने मोजायचा.

युक्ती पुढेच आहे. एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश तेवढा जाऊ देणाऱ्या दोन चाळण्या घ्यायच्या. एक जाणाऱ्या किरणांपुढे, दुसरी परतणाऱ्या उजेडापुढे. आधी दोन्ही ओढीच्या दिशेने ठेवायच्या, मग दोन्ही तिला आडव्या. दोन्ही वेळा उजेड सारखाच आला, तर साखळ्या अस्ताव्यस्त. ओढीच्या दिशेने जास्त आला, तर साखळ्यांना वळण लागले.

“त्यात एखादा चमकणारा रंगच का मिसळत नाहीस?” मी विचारले.

“मिसळतात, मामा. पण रंगाचा रेणू आपल्या मर्जीने पडतो. पाहुण्यावरून घरची रीत कशी ओळखावी? त्यापेक्षा अंगचा उजेड बरा.”

भाऊजी उठून आत गेले. मला वाटले, रागावले. ते कापसाचे बोंड घेऊन आले. सरकीवरून रुई सोडवली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली, जुळवली, पुन्हा ओढली. तंतू सरळ झाल्यावर आपल्या काळ्या टोपीवर ठेवून लांबी पाहिली. बाजारात रुईची पारख अशीच होते.

“आमी बी हेच करतो,” ते म्हणाले. “पर आमाले दिसते.”

“मले दिसत नाही, आप्पा. म्हणून त्यालेच बोलतं करतो.”

भाऊजींनी अंगणातली फाटकी ताडपत्री ओढून आणली. तिच्याखाली दसऱ्याच्या पावसात सोयाबीनची अख्खी सुडी भिजली होती. “मंग हे काहून फाटली, सांग.”

भाच्याने कडेची पट्टी उसवली. लांबीत ओढली, तुटेना. नखाने उभी चिरली, दोरे सुटले. “ह्या पट्ट्याही ओढूनच करतात. लांबीत दम, रुंदीत नाही. म्हणून उभ्या-आडव्या विणतात.” मग तो जरा थांबला. “पण हे पॉलिथीन. याला अंगचा उजेड नाही. माझी रीत इथं चालत नाही. उन्हानं खाल्ली असंल. काहून फाटली, ते मले सांगता येत नाही, आप्पा.”

मला वाटले, झाले! आता दोन एकरांचा हिशेब निघणार. भाऊजींनी ताडपत्रीची घडी घातली आणि चकलीचा तुकडा मोडला.

“येत नाही ते येत नाही म्हणते,” ते बहिणीला म्हणाले. “शिकलं पोरगं.”