आबाजींची खंजिरी

शेंदूरजनाघाट म्हणजे संत्र्याच्या कलमांचं गाव. इथल्या पोराला झाडाच्या खोडात भोक दिसलं की पुढं काय करायचं ते शिकवावं लागत नाही. आत तार घालून अळी टोचायची, रॉकेलात नाहीतर पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा कोंबायचा आणि वरून चिखलानं लिंपून टाकायचं.

आबाजी गेल्यापासून त्यांची खंजिरी खुंटीला टांगलेली होती. सहा वर्षांनी आजीनं ती उतरवली, तेव्हा सागाच्या कड्याला मोहरीएवढी अकरा भोकं होती. हलवली की पिठासारखी भुकटी गळे. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) भजनं आबाजी हिच्यावरच म्हणत, मोझरीलाही हीच घेऊन जात. त्यांच्या पुण्यतिथीला हीच वाजली पाहिजे, असा आजीचा हट्ट. मी आपलं बागेतलं शहाणपण चालवलं. घरात उरलेलं रॉकेल सुईनं भोकाभोकात सोडलं. कातडीवर जो डाग पडला, तो अजून आहे.

सुतारकाकांनी कडं नुसतं हुंगलं.

"हे काय केलं रे बाबू? झाडाच्या भोकातून किडा अंदर जाते. सुक्या लाकडातून तो भोक पाडून बाहेर निंगून जाते. तू त्याच्या मांगं दार ठोठावून रायला!"

हे मी नंतर पुस्तकातून ताडून पाहिलं. बारीक भुंगेरा लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत अंडी घालतो. अळी वर्षवर्षभर आतला पिष्टमय भाग खाते आणि पंख फुटल्यावरच बाहेर पडते. भोक दिसतं तेव्हा नुकसान कधीचंच होऊन गेलेलं असतं. आमची भोकंही सगळी बाहेरच्या पांढुरक्या पट्ट्यात होती. तपकिरी गाभ्यात एकही नाही. (संस्कृतच्या तासाला घुणाक्षरन्याय शिकलो होतो. अक्षर मात्र एकही सापडलं नाही.)

रॉकेलानं ओशट झालेल्या लाकडाला सरस धरेना. पंधरा दिवस कडं सावलीत, वाऱ्यावर ठेवावं लागलं. पुण्यतिथी जवळ येत होती आणि आजी माझ्याशी मोजकंच बोलत होती.

मला काळजी आवाजाची, काकांना खिळ्याची. टोच्यानं दाबत ते कडंभर फिरले. नऊ भोकांभोवती लाकूड टणक होतं. झांजेच्या खिळ्याजवळची दोन मात्र मऊ लागली. "आवाज कातडीचा असते. पण इथलं लाकूड पोकळ रायलं तं वाजवतानी झांज उडन." ती जागा त्यांनी टणक लाकूड लागेपर्यंत खरवडली, सागाचाच तुकडा रेषा जुळवून बसवला. बाकीच्या भोकांत सागाचा मैद्यासारखा भुसा सरसात कालवून भरला. वाळल्यावर तो आकसतो म्हणून थोडा वर उचलून भरायचा आणि मग पॉलिश पेपरनं सारखा करायचा. भोकं अजून ओळखू येतात. ती लपवण्यात काकांना रस नव्हता.

पुण्यतिथीला खंजिरी वाजली. वाजवणारा मी होतो. दोनदा ताल चुकला.

आत एखादी अळी अजून असेलही, असं काका म्हणाले होते. म्हणून खंजिरी आता खुंटीला नसते, काळ्या कागदावर असते. रोज सकाळी आजी ती उचलते आणि कागदावरून बोट फिरवून पाहते.