दरवेशाच्या अस्वलांचे म्हातारपण

आग्र्याला जाणारा मराठी माणूस ताजमहाल पाहतो, किल्ल्यासमोरच्या शिवरायांच्या पुतळ्याला नमस्कार करतो, पेठ्याचे डबे बांधून घेतो आणि परतीची गाडी पकडतो. हाताशी अर्धा दिवस असेल तर मथुरेच्या रस्त्याने सिकंदरा मागे टाकून आणखी पुढे जावे. शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर कीठम तलाव, म्हणजेच सूर सरोवर लागते. हिवाळ्यात तेथे पाहुण्या पक्ष्यांची जत्रा भरते. याच अभयारण्याच्या झाडीत अस्वलांचे पुनर्वसन केंद्र आहे.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी दारी आलेला दरवेशी पाहिला असेल. डमरू वाजला की पोरे गोळा होत. कुणाला अस्वलाच्या पाठीवर बसवत, कुणाच्या गळ्यात त्याच्या केसाचा ताईत बांधत. ते अस्वल नाचत नसे. पिल्लू असतानाच तापल्या सुईने त्याच्या नाकाडाला भोक पाडून दोरी ओवलेली असे, सुळे तोडलेले असत. दोरीला हिसका बसला की वेदनेने ते मागच्या पायांवर उभे राही, आणि आपण टाळ्या वाजवत असू.

उत्तरेत हा धंदा कलंदर जमातीचा. 1972 च्या कायद्यानंतरही तो चालूच राहिला, कारण अस्वल सोडले तर खायचे काय? ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने उत्तर प्रदेश वनखात्याच्या साथीने 1999 मध्ये हे केंद्र उभारले. अस्वल सोपवणाऱ्या कुटुंबाला दुसरा रोजगार आणि मुलांना शाळा मिळवून देण्याचे कामही हाती घेतले. सारे यश मला तरी यातच दिसते. देशभरातून 600 हून अधिक अस्वले सुटली. 2009 च्या डिसेंबरात अखेरचे नाचरे अस्वलही सुटले.

सुटका एका दिवसाची, पोसणे मात्र वर्षानुवर्षांचे. पिंजऱ्यात अस्वल तीस वर्षांपर्यंतही जगते. दात नाहीत, कित्येकांना दृष्टी नाही. त्यांना जंगलात सोडणार कसे? रोज धान्याची लापशी, फळे, मध, शिवाय औषधपाणी. येथेच व्यापारी मंडळींचा हातभार लागतो. असे अस्वल ‘दत्तक’ घेता येते, म्हणजे ते राहते केंद्रातच, आपण फक्त त्याचा खर्च उचलायचा. कंपनी कायदा, 2013 नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत प्राणिकल्याण आहे. पेठेवाल्याला किंवा बुटांच्या छोट्या कारखानदाराला असे बंधन नाही. तो देईल ते मनापासून, नाहीतर जाहिरातीसाठी. जाहिरातीसाठी दिले तरी माझी हरकत नाही. लापशीची चव त्याने बदलत नाही! फक्त दुकानात फोटो शोभावा म्हणून गोंडस पिल्लू मागू नये. म्हातारे, आंधळे अस्वल घ्यावे. खाणे त्यालाही तितकेच लागते आणि औषध जास्त.

भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. अस्वलांना काही खाऊ घालायचे नाही, मुलांना मोठ्याने हाका मारू द्यायच्या नाहीत. दुपारी बहुतेक अस्वले सावलीत पेंगत असतात, तेव्हा सकाळीच निघावे. झुल्यावर पडून पंजा चोखणारे अस्वल दिसले तर मुले तेथून हलायला तयार होत नाहीत. पेठा परतताना घ्यावा.