आधी प्रश्न, मग कान

चीनमध्ये हायस्कूल संपताना मुलांना ‘गाओखाओ’ ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यावी लागते. बऱ्याच प्रांतांत इंग्रजीच्या १५० गुणांपैकी ३० नुसते ऐकण्याचे! पहिले पाच संवाद एकदाच ऐकवतात. म्हणून सरावात मुले आधी प्रश्न वाचून ठेवतात: वेळ विचारलीय, की ठिकाण? मग कान देतात. उतारा वाचतानाही अडलेल्या शब्दापाशी न थांबता पुढच्या ओळीवरून अर्थ लावतात.

हे वाचले आणि मी वरमले. शाळेत मी इंग्रजी शिकवते. घरी मात्र लेकीला ओळीओळीचे मराठी करून द्यायची. म्हणून तर परीक्षेहून आल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली होती, “आई, तू शेजारी नसलीस की काहीच कळत नाही गं!”

आता आधी प्रश्न देते, उतारा एकदाच वाचते आणि गप्प बसते. खरं सांगू? तिच्यापेक्षा मलाच ते जड जातं!