टाकीत मासे नाहीत, तरी या!

रात्री दीड वाजता टाकीतून आवाज आला. टक!

नवरा ताडकन उठून बसला. "अगं, काच तडकली!" दीडशे लिटर खारं पाणी आता दिवाणखान्यात येणार! मी टॉर्च घेऊन धावले, गुडघ्यांवर बसून टाकीचे चारही कोपरे चाचपले, कोरडे होते, सगळे कोरडे, आणि मग पुन्हा टक! आणि तो आवाज काचेतून येतच नव्हता. दगडातून येत होता. दगडातून, अहो!

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी यातली जाणकार नाही. महिन्यापूर्वी मला फक्त एक क्लाउनफिश हवा होता, तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. दुकानदार म्हणाला, आधी टाकी 'सायकल' करा, म्हणजे माशाला राहण्याजोगी होऊ द्या, मासा नंतर. आणि मासा आणायला गेलेली मी वीस किलो दगड घेऊन घरी आले!

पण कसले दगड! आम्ही राहतो टँपाला, फ्लॉरिडात, मेक्सिकोच्या आखाताच्या काठाशी. इथल्या समुद्रातून असे नैसर्गिक दगड उपसायला 1990च्या दशकात बंदी आली, म्हणून लोक चक्क दगडांची शेती करायला लागले! खाणीतला चुनखडीचा दगड बोटीत भरायचा, भाडेपट्ट्यावर घेतलेल्या समुद्रतळावर नेऊन टाकायचा, काही वर्षं तिथेच राहू द्यायचा, आणि मग पाणबुड्यांनी खाली जाऊन ते पीक काढायचं! गेला तेव्हा नुसता पांढरा दगड, आणि वर आला तेव्हा त्यावर इंचभर जागा रिकामी नाही! यालाच लाइव्ह रॉक म्हणतात. जिवंत दगड!

पाणी मी आधीच तयार ठेवलं होतं. अगदी शुद्ध केलेलं पाणी, त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम खास समुद्री मीठ, म्हणजे टाकीला सव्वापाच किलो! खोकं उघडलं, ओला कागद बाजूला केला, आणि वास आला तो थेट भाट्याच्या खाडीतल्या ओहोटीचा! मी रत्नागिरीची. कातळावर अनवाणी फिरून पाय कापून घेतलेली. दगडावर जांभूळ सांडल्यासारखे गुलाबी-जांभळे डाग होते. ते डागही जिवंत! तो एक शेवाळाचा प्रकार आहे, पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःचं कवच बांधणारा. मी प्रत्येक दगड दोन्ही हातांनी टाकीत ठेवला.

आणि मग आईला व्हिडिओ कॉल केला.

"अगो, ह्यात मासे कुठायत?"

"आई, अजून नाहीत."

"मग काय दगड बघत बसल्येस?"

हो! दगडच बघत बसले! कारण दगडावरचे काही जीव प्रवासात मरतात, ते टाकीत कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो, आणि अमोनिया म्हणजे माशांना विष. म्हणून रोज काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला तर अमोनिया नाही. तिसऱ्या दिवशी नळी कैरीसारखी हिरवीगार! मग रोज हिरवी! आणि मग आठवडाभराने जरा फिकी, दुसऱ्या दिवशी आणखी फिकी. कोणीतरी ते विष खात होतं! मला दिसत नव्हतं, पण दगडाच्या प्रत्येक भोकात बसून खात होतं!

ते जिवाणू अमोनियापासून नायट्राइट करतात. म्हणून मग दुसरी नळी, ती आकाशी असायची, ती जांभळी झाली! नायट्राइट खाणारे जिवाणू वेगळेच, आणि पहिल्या पंगतीचं झाल्याशिवाय दुसऱ्यांच्या पानात काही पडत नाही, म्हणून ते मागून वाढतात. ते नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते माशांना बरंच सोसतं. आणि दगडाच्या अगदी पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे तिसरेच जिवाणू नायट्रेटमधून नायट्रोजन वायू मोकळा करतात! एका दगडात इतकं सगळं! सर्गेई विनोग्राद्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास दाखवून दिलं होतं, की यातल्या पहिल्या दोन पंगतीतल्या जिवाणूंना ऊन लागत नाही, दुसऱ्या जिवाचं अन्न लागत नाही, अमोनिया आणि नायट्राइटमधूनच ते शक्ती मिळवतात. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून पुन्हा टाकीसमोर जाऊन बसले.

आईला हे सगळं धापा टाकत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे विरजण लावलंयस. मग सारखी ढवळू नकोस." दोन वाक्यांत! मी हे तीन आठवडे वाचत होते!

मधे एकदा वाळूवर, काचेवर तपकिरी थर चढला. घाबरायचं नाही, नव्या टाकीत तो येतोच आणि बहुतेकदा आपणहून ओसरतो.

पण या, तुम्ही रात्री या! दिवे बंद करा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावलाय, लाल उजेडाने दगडातले जीव सहसा बुजत नाहीत. ते बघा, नळीतून पिसांचा पंखा बाहेर आला! तो किडा आहे, पंख्याने पाण्यातले कण गाळून खातो. हलू नका, सावली पडली की मिटतो! मिटला! आणि त्या फटीतून लवलवणारे हात, ते सर्पताऱ्याचे, अंग आतच, नुसते हात जेवायला बाहेर! आणि इथे, हे तिसरं भोक, इथेच ती असते. दोन लांब मिशा आणि एक भलामोठा पंजा. टक! ऐकलंत? पिस्तूल कोळंबी! पंजा इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि आवाज पंजाचा नाहीच, तो बुडबुडा फुटल्याचा! 2000 साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं. आणि ती कोळंबी आखातातून दगडात बसून आमच्या दिवाणखान्यात आलीय! नवरा आता आवाज झाला की उठून बसत नाही, कूस बदलतो आणि झोपेतच म्हणतो, "जागी आहे."

चोविसाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी. नायट्राइटची आकाशी. पंचविसाव्या दिवशी पुन्हा तपासलं, तेच! नायट्रेटची मात्र लालसर, म्हणजे नायट्रेट साठलेलं, म्हणून एक तृतीयांश पाणी बदललं आणि शेवाळ चरायला चार गोगलगायी सोडल्या.

दुकानदाराने विचारलं, क्लाउनफिश बांधून देऊ का?

पुढच्या आठवड्यात, म्हटलं. डाव्या दगडाच्या मागे काल दोन डोळे दिसलेत, आधी ते कोणाचे ते बघू दे!