दोन खांबांमधील अंतर

पदपथांच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमुळे, म्हणजेच बोलार्डमुळे, व्हीलचेअर अडते या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि तेव्हापासून ही सारी चर्चा दोन खांबांमध्ये किती सेंटिमीटर जागा असावी या एका आकड्यापाशी येऊन थांबलेली दिसते. आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु तो ठरला की प्रश्न सुटला, ही समजूत या विषयाच्या अभ्यासकांना मान्य होण्यासारखी नाही.

व्हीलचेअरची अडचण तिच्या पुढच्या लहान चाकांपासून सुरू होते. कॅस्टर म्हणून ओळखली जाणारी ही गरकन वळणारी चाके बहुधा 15 ते 20 सेंमी व्यासाची असल्यामुळे, चालणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही अशी दोन सेंमीची उभी कड किंवा खचलेला एखादा पेव्हर ब्लॉक त्यांना अडवतो आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाऊ शकते. उताराचे प्रमाण 1:12 असावे, म्हणजे एक सेंमी चढण्यासाठी बारा सेंमी लांबी मिळावी, असा दंडक आहे. त्यानुसार 15 सेंमी उंचीच्या पदपथाला 180 सेंमी लांबीचा उतार लागतो. तेथे 60 सेंमी लांबीत सिमेंट थापून काम उरकले, तर प्रमाण 1:4 होते आणि स्वतःच्या हातांनी चाके ढकलणाऱ्याची खुर्ची मागे उलटण्याचा धोका असतो. असा उतारही कागदोपत्री ‘रॅम्प’च ठरतो आणि लोकही त्यावर समाधान मानतात, ही खेदाची बाब आहे.

खांबांचे गणित याहून अवघड आहे. ते दुचाकींना रोखण्यासाठी बसवले जातात. परंतु नेहमीच्या स्कूटरची रुंदी 70 सेंमीच्या आसपास असते, आणि हातांनी चालवायच्या व्हीलचेअरची रुंदीही जवळपास तेवढीच असून ढकलणाऱ्याची कोपरे धरली तर तिला 90 सेंमी मोकळी जागा द्यावी लागते. ज्या फटीतून व्हीलचेअर जाते त्या फटीतून दुचाकी जाणारच. रुंदीच्या आधारे या दोहोंत भेद करता येत नाही. भेद आहे तो लांबीत आणि वळण्यात. व्हीलचेअर दीड मीटर व्यासाच्या जागेत पूर्ण फिरते, तर सुमारे दोन मीटर लांबीची मोटारसायकल तेवढ्यात वळत नाही, म्हणून नागमोडी कठड्यांचा पर्याय सुचवला जातो. मात्र आपल्याकडे असंख्य दिव्यांग वापरतात ती हाताने पायडल फिरवायची तीनचाकी सायकलही लांब असते आणि जागच्या जागी फिरत नाही. बॅटरीवरील मोबिलिटी स्कूटरचीही तीच गत. पदपथावर चढणाऱ्या दुचाकीस्वाराला दंड करण्याचे काम लोखंडी खांबावर सोपवले की त्याची किंमत दिव्यांगांना मोजावी लागते, हे स्पष्टपणे म्हणायला हवे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला. त्याखालील 2017 च्या नियमांतील पंधराव्या नियमाने सुगम्यतेची मोजमापे केवळ शिफारशींच्या पातळीवर ठेवली, म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम आखण्यास सांगितले. अशा नियमांत दोन खांबांमधील अंतराइतकीच त्यांच्या पुढची आणि मागची मोकळी जागाही सेंटिमीटरमध्ये लिहिली गेली पाहिजे, आणि ती तीनचाकी सायकलीच्या लांबीवरून ठरली पाहिजे.